कार्लाइलचा 1912 चा फुटबॉल मोसम एकट्या थॉर्प यांचा नव्हता

मा. संपादक,

स. न. वि. वि.

लॉस एंजेलिस येथे 2028 साली होणाऱ्या ऑलिंपिक स्पर्धेत क्रिकेट परतणार असल्यामुळे आपल्याकडे त्या स्पर्धेची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे. त्याच स्पर्धेत अमेरिकन फुटबॉलचा ‘फ्लॅग फुटबॉल’ हा प्रकारही प्रथमच खेळला जाणार आहे. ऑलिंपिक आणि अमेरिकन फुटबॉल यांचा एकत्र उल्लेख झाला की जिम थॉर्प यांची कथा सांगितली जाते, आणि येत्या काळात मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पुरवण्यांतही ती पुन्हा येईल, हे उघड आहे. ती कथा बहुधा एकाच वळणाची असते. निसर्गाने अचाट शक्ती दिलेला एक मूलनिवासी मुलगा, 1912 मधील स्टॉकहोमची दोन सुवर्णपदके, ती हिरावून घेतली जाणे आणि कित्येक दशकांनी झालेला न्याय. थॉर्प यांची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ते ज्या संघाचे कर्णधार होते तो संघ, तो संघ ज्या शाळेच्या नावाने खेळत होता ती शाळा आणि त्या खेळातून उभा राहिलेला पैसा या तीनही गोष्टी या कथेतून गळून पडतात. त्यामुळे वाचकांच्या मनात एक अर्धवट आणि काही बाबतींत चुकीचे चित्र तयार होते. मी अनेक वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केले असल्याने हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये 1879 साली ‘कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल’ सुरू झाले. संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हे स्वतः लष्करी अधिकारी होते आणि त्यापूर्वी फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे मूलनिवासी युद्धकैद्यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्या कैद्यांवर केलेला प्रयोगच त्यांनी पुढे मुलांवर केला. पश्चिमेकडील निरनिराळ्या जमातींतून मुले आणली जात. शाळेत पाऊल ठेवताच त्यांचे केस कापले जात, अंगावर गणवेश चढवला जात असे, जुन्या नावाच्या जागी इंग्रजी नाव दिले जात असे आणि मातृभाषेत बोलण्यास मनाई होती. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातील ‘इंडियन’ मारला पाहिजे, हा विचार प्रॅट यांनी 1892 साली जाहीर भाषणात मांडला होता. ज्या राज्यात हे चालले होते, त्याच राज्यात, फिलाडेल्फियाला, आनंदीबाई जोशी 1883 ते 1886 या काळात वैद्यकीचे शिक्षण घेत होत्या आणि तेथे त्या आपल्याच नावाने व आपल्या वेषात वावरल्या. परदेशातून आलेल्या विद्यार्थिनीला जे सहज मिळाले, ते त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या मुलांना त्याच राज्यातील सरकारी शाळेत नाकारले गेले होते, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

कार्लाइल हे महाविद्यालय नव्हते, ही गोष्ट बहुतेक लेखांत नीट सांगितली जात नाही. तेथे अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शेत, सुतारकाम, लोहारकाम, धुलाई अशी कामे असत. उन्हाळ्यात मुलांना गोऱ्या कुटुंबांकडे शेतमजूर किंवा घरगडी म्हणून ठेवले जाई. शिक्षणाची पातळी शालेयच होती, मात्र खेळाडूंपैकी बरेच जण विशीत पोहोचलेले असत. 1912 साली थॉर्प स्वतः पंचविशीचे होते. प्रतिस्पर्धी महाविद्यालये कार्लाइलच्या संघाला विद्यार्थ्यांच्या पात्रतेचे नेहमीचे नियम लागू नाहीत अशी तक्रार करीत, आणि तिच्यात तथ्यही होते. परंतु हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, सिरॅक्यूज यांसारख्या विद्यापीठांना कार्लाइलबरोबर खेळणे हवेच असे, कारण या सामन्यांना तिकिटे घेऊन येणाऱ्या प्रेक्षकांची तोबा गर्दी होत असे.

हा खेळ त्या काळात कोणत्या अवस्थेत होता, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आमच्या कोल्हापुरात ज्या फुटबॉलवर पेठापेठांचा जीव आहे, तो हा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्या खेळाडूंची फळी फोडून पुढे सरकण्याचा हा खेळ आहे. 1905 च्या एकाच मोसमात अमेरिकेत हा खेळ खेळताना किमान 18 जण मृत्युमुखी पडले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले आणि 1906 पासून चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. अंगाने धिप्पाड खेळाडूंच्या संघांना या बदलाचे फारसे अप्रूप नव्हते. तुलनेने हलक्या, पण चपळ खेळाडूंच्या कार्लाइलने मात्र तो मनापासून स्वीकारला. प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांच्या हाताखाली 1907 साली या संघाने पेनसिल्व्हेनियाला 26-6 आणि हार्वर्डला 23-15 असे हरवले, ते वेग आणि लांब पास यांच्या बळावर. आज अमेरिकन फुटबॉलमध्ये जो पासचा खेळ सर्वांना दिसतो, तो रुळवण्यात या मुलांचा वाटा फार मोठा आहे.

1911 च्या मोसमात कार्लाइलने 12 पैकी 11 सामने जिंकले. 11 नोव्हेंबरला हार्वर्डच्या मैदानावर 18-15 असा विजय मिळाला. दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून खेळणाऱ्या थॉर्प यांनी त्या सामन्यात चार फील्ड गोल केले, म्हणजे चार वेळा चेंडू लाथेने गोलखांबांमधून पार केला. पुढच्याच आठवड्यात सिरॅक्यूजने त्यांना 12-11 असे एका गुणाने हरवले आणि मोसमातील तो एकमेव पराभव ठरला.

1912 चा मोसम त्याहून मोठा होता. त्याच वर्षी नियम बदलले होते: टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, पाचऐवजी सहा गुण झाले, दहा यार्ड पुढे जाण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, मैदान 100 यार्डांचे झाले आणि त्याच्या दोन्ही टोकांना पास झेलता येईल असे पट्टे आखले गेले. मोकळ्या, वेगवान खेळाला हे नियम पोषक होते आणि कार्लाइलने त्यांचा पुरेपूर लाभ घेतला. 21 सप्टेंबर ते 28 नोव्हेंबर या दहा आठवड्यांत संघ 14 सामने खेळला. त्यांपैकी 12 जिंकले, एक हरला आणि वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजविरुद्धचा एक 0-0 असा बरोबरीत सुटला. एकूण 504 गुण मिळवले आणि 114 दिले. व्हिलानोव्हावर 65-0, आदल्या वर्षी हरवणाऱ्या सिरॅक्यूजवर 33-0, पिट्सबर्गवर 45-8 असे हे विजय होते. सुरुवातीचे काही सामने सोडले तर सगळा मोसम परक्या मैदानांवर गेला. 26 ऑक्टोबरच्या शनिवारी त्यांनी वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाउनला 34-20 असे हरवले आणि लगेच सोमवारी कॅनडात टोरँटो येथे अमेरिकन व कॅनडियन अशा दोन्ही नियमांनी सामना खेळून तो 49-1 असा जिंकला. रेल्वेचा तो प्रवास, मध्ये एकच दिवस आणि पुन्हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ, हे ज्याने मुलांना मैदानावर उतरवले आहे त्याला नीट कळेल. आज कोणताही जबाबदार प्रशिक्षक असा कार्यक्रम मान्य करणार नाही.

या मोसमात थॉर्प यांच्या नावावर साधारणपणे 25 टचडाऊन आणि 198 गुण सांगितले जातात. काही सामन्यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत म्हणून हा आकडा थोडा वाढवून धरला, तरी 504 पैकी निम्म्याहून अधिक गुण त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवले, हे साध्या वजाबाकीने दिसते. क्वार्टरबॅक गस वेल्च हे चिपेवा जमातीचे होते. प्रत्येक डाव कसा टाकायचा, हे मैदानावर तेच ठरवीत, कारण बाहेरून सूचना देण्यास त्या काळी मुभा नव्हती. बॅक म्हणून, म्हणजे फळीच्या मागे उभे राहून चेंडू नेणारे खेळाडू म्हणून, अ‍ॅलेक्स अर्कासा आणि चेरोकी जमातीचे स्टॅन्सिल पॉवेल होते. फळीत जो गायन, पीट कॅलॅक, एल्मर बुश, विल्यम गार्लो, जो बर्गी हे होते. वेगवेगळ्या भाषांच्या, काही वेळा परस्परांशी पूर्वी फारसा संबंध नसलेल्या जमातींची ही मुले एका संघात एकजीव झाली होती. गायन आणि कॅलॅक पुढे थॉर्प यांच्याबरोबर व्यावसायिक फुटबॉलही खेळले. यांच्यापैकी एकाचेही नाव मी आजवर कोणत्याही मराठी लेखात वाचलेले नाही.

9 नोव्हेंबर 1912 रोजी वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या ‘आर्मी’ संघाविरुद्ध झालेला सामना या बाबतीत सर्वांत बोलका आहे. वूंडेड नी येथे लष्कराने लाकोटा लोकांचे शिरकाण केले, त्याला तेव्हा 22 वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्याच लष्कराचे भावी अधिकारी एका बाजूला आणि ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्या लष्कराच्या बंदुका पाहिल्या होत्या ते तरुण दुसऱ्या बाजूला उभे होते. सामन्यापूर्वी वॉर्नर यांनी खेळाडूंना याच इतिहासाची आठवण करून देणारे भाषण केले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते आणि त्यातली वाक्ये प्रत्येक लेखकागणिक बदलतात. मला त्या भाषणापेक्षा मैदानावरचा खेळ अधिक मोलाचा वाटतो. वॉर्नर यांनी दोन हाफबॅकना मागे न ठेवता फळीच्या दोन्ही टोकांशी उभे केले. ‘डबल विंग’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेली ही रचना होती. चेंडू कोण नेणार, पास कोण झेलणार आणि अडवणूक कोण करणार, याचा अंदाज कॅडेटांना, म्हणजे अकादमीच्या विद्यार्थ्यांना, लागेना. आर्मीचा कर्णधार लेलँड डेव्होर याला गायन यांच्यावर हिंसक हल्ला केल्याबद्दल पंचांनी बाहेर काढले. सामना कार्लाइलने 27-6 असा जिंकला.

या सामन्याची आठवण सहसा कशासाठी काढली जाते? एक, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर त्या दिवशी आर्मीकडून खेळत होते आणि थॉर्प यांना रोखण्याच्या प्रयत्नात त्यांना मार लागला. दोन, थॉर्प यांनी चेंडू घेऊन घेतलेली एक लांब धाव, जिचा टचडाऊन दंडामुळे रद्द झाला. या दोन्ही गोष्टी रंजक आहेत यात शंका नाही. परंतु त्या दिवशी तीन टचडाऊन केले ते अ‍ॅलेक्स अर्कासा यांनी. 27 गुणांपैकी 18 गुण ज्याच्या टचडाऊनमधून आले, त्याचे नाव सामन्याच्या वर्णनातून वगळले जावे, ही माझ्या मते क्रीडालेखनातली गंभीर उणीव आहे. थॉर्प यांच्याकडे सारे लक्ष लागलेले असताना त्याचा फायदा घेऊन दुसऱ्या बाजूने चेंडू नेणे ही वेल्च आणि अर्कासा यांची हुशारी होती. थॉर्प यांनी स्वतः आमिष बनून ती यशस्वी होऊ दिली, यात त्यांचाही मोठेपणा आहेच.

आयझेनहॉवर यांनी 1961 साली एका भाषणात थॉर्प यांची मनापासून स्तुती केली, पण ते आयुष्यात कधी सरावच करीत नसत, असेही त्याच ओघात सांगितले. हे वाक्य आजही कौतुकाने उद्धृत केले जाते आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप येथे आहे. मूलनिवासी किंवा आदिवासी खेळाडू जिंकला की ते श्रेय रक्ताला, जंगलाला, निसर्गदत्त काटकपणाला द्यायचे आणि त्याची मेहनत व बुद्धी हिशेबातून वगळायची, ही सवय आपल्याकडच्या क्रीडालेखनातही आहे. डबल विंगसारखी रचना आठवड्याआठवड्याच्या कवायतीशिवाय अकरा जणांच्या अंगवळणी पडत नाही. स्टॉकहोममध्ये 10,000 मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे लुई तेवानिमा हेही कार्लाइलचेच विद्यार्थी होते. होपी जमातीचे तेवानिमा सरकारला विरोध करणाऱ्या गटातले म्हणून 1907 साली कैद्यासारखे तेथे आणले गेले होते. त्यांच्या धावण्याबद्दल लिहिताना तरी ‘शाळेने संधी दिली’ असे म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही, अशी आशा आहे.

आर्मीवरील विजयानंतरच्या शनिवारी, 16 नोव्हेंबरला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला 34-26 असे हरवले. त्यानंतर स्प्रिंगफिल्ड आणि ब्राउन यांच्यावर विजय मिळवून मोसम संपला. जानेवारी 1913 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील एका वृत्तपत्राने थॉर्प हे 1909 आणि 1910 साली नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे छापले. पूर्वेकडील महाविद्यालयांतले अनेक खेळाडू उन्हाळ्यात खोट्या नावाने हेच करीत, थॉर्प मात्र स्वतःच्या नावाने खेळले होते. वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले. थॉर्प यांच्या नावे कबुलीचे पत्र गेले आणि पदके परत गेली. ऑलिंपिकच्या नियमानुसार असा आक्षेप 30 दिवसांच्या आत यायला हवा होता, तो सहा महिन्यांनी आला होता. ही चूक दुरुस्त करायला 1982 साल उजाडले, तेव्हाही त्यांना केवळ संयुक्त विजेते ठरवले गेले. एकमेव विजेते म्हणून त्यांची नोंद झाली ती जुलै 2022 मध्ये. थॉर्प 1953 सालीच वारले होते.

आता पैशाविषयी. आठवड्याला मोजके डॉलर घेऊन बेसबॉल खेळल्याबद्दल एका खेळाडूला जगासमोर दोषी ठरवले गेले, तेव्हा त्याच खेळाडूच्या नावावर विकल्या गेलेल्या फुटबॉलच्या तिकिटांचे उत्पन्न शाळेच्या क्रीडानिधीत जात होते आणि या निधीवर सरकारी हिशेब तपासनिसांचे नेहमीचे नियंत्रण नव्हते. शाळेतील काही बांधकामेही या पैशांतून झाली. हे प्रकरण बाहेर आले ते कोणा पत्रकाराच्या शोधामुळे नव्हे, तर विद्यार्थ्यांमुळे. क्वार्टरबॅक गस वेल्च यांनी पुढाकार घेऊन शाळेच्या कारभाराच्या चौकशीची मागणी करणारा अर्ज तयार केला आणि दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यावर सह्या केल्या. 1914 च्या फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त समितीचे सदस्य कार्लाइलला आले. क्रीडानिधीचा वापर, विद्यार्थ्यांना होणारी मारहाण, खेळाडूंना वॉर्नर यांच्याकडून मिळणारी अर्वाच्य भाषा, हे सारे साक्षींमध्ये नोंदले गेले. फ्रीडमन यांना पद गमवावे लागले. वॉर्नर त्याच वर्षाच्या मोसमानंतर पिट्सबर्गला गेले आणि तेथे त्यांची कारकीर्द अधिकच बहरली. फुटबॉलमधील त्यांची कल्पकता मी नाकारत नाही, परंतु ज्या खेळाडूंवर ती घडली त्यांनीच त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती, हे त्यांच्या गौरवाबरोबरच लिहिले गेले पाहिजे.

माझ्या दृष्टीने 1912 च्या संघाची सर्वांत धैर्याची कृती वेस्ट पॉइंटवर घडली नाही, ती या अर्जात आहे. ज्यांना स्वतःची भाषा बोलण्याची परवानगी नव्हती त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कायदेमंडळाकडे दाद मागितली आणि ती मिळवली. हा भाग वगळून केवळ धावांची आणि गुणांची वर्णने छापणे म्हणजे त्या तरुणांना पुन्हा एकदा प्रेक्षकांच्या करमणुकीपुरते उभे करणे होय.

शाळा 1918 साली बंद झाली. तेथील दफनभूमीत पुरलेल्या मुलांचे अवशेष 2017 पासून त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत. अशा सर्व निवासी शाळांच्या सरकारी चौकशीत किमान 973 मुलांचे मृत्यू निश्चित झाले. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये या धोरणाबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कार्लाइलची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. म्हणजे हा विषय केवळ शंभर वर्षांपूर्वीच्या खेळाचा राहिलेला नाही.

माझी विनंती एवढीच आहे की 2028 च्या निमित्ताने आपण थॉर्प यांच्यावर लेख छापाल, तेव्हा त्यात वेल्च, अर्कासा, पॉवेल, गायन, कॅलॅक, बुश, गार्लो आणि बर्गी यांची नावे यावीत, ‘जन्मजात’ आणि ‘सरावाविना’ असे शब्द टाळावेत, आणि 1914 च्या चौकशीसाठी किमान एक परिच्छेद राखून ठेवावा. संबंधित कागदपत्रे मिळवणे अवघड नाही. कार्लाइल गावातील डिकिन्सन कॉलेजने या शाळेच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी, छायाचित्रे आणि शाळेची नियतकालिके संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत. हे तेच कॉलेज, ज्याला या संघाने 28 सप्टेंबर 1912 रोजी 34-0 असे हरवले होते. आपल्या क्रीडा विभागातील सहकाऱ्यांनी लेखापूर्वी ती जरूर पाहावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
कोल्हापूर